पहिल्या रांगेतला तुकडा

परवा अडगळीतला जुना मॉनिटर सुरू केला आणि तापलेल्या धुळीच्या वासाने मला थेट मी शिकवायचो त्या पेठच्या आश्रमशाळेत नेलं. तिथे एकुलत्या एका कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर मुलं देवळाबाहेर काढावी तशी चप्पल काढायची. चौथीच्या वर्गाच्या फोटोचे तुकडे करून मी कॉम्प्युटरवर जुळवायचं कोडं बनवलं होतं. मुलांच्या हातात माउस बसावा, एवढाच हेतू. शेवटचा तुकडा बसला की कॉम्प्युटर टाळ्या वाजवायचा आणि मुलंही त्याच्याबरोबर वाजवायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांनी फोटो भराभर जुळवला, पण एक तुकडा तसाच ठेवून माउस सोडून दिला. त्यावर पहिल्या रांगेतल्या मुलीचा चेहरा होता. सुट्टीत ती घरच्यांबरोबर द्राक्षबागेत कामाला गेली होती, अजून परतली नव्हती. “हा राहिलाय की,” मी म्हणालो. “ती मेली ना सर,” एक मुलगी म्हणाली, “तिकडं बागेतच. लय ताप आलेला.” मला कोणी कळवलं नव्हतं, कोण कळवणार? मागून तिची धाकटी बहीण पुढे आली, तिने दोन्ही हातांनी माउस धरला आणि ताईला जागेवर नेऊन बसवलं. कॉम्प्युटरने टाळ्या वाजवल्या. मुलांचे हात मांडीवरून हलले नाहीत. आजही मुलांपुढे कोडं ठेवण्याआधी मी आवाज बंद करतो.