लाल कॅप्सूलचा अर्धा वाटा

मी औषधांबद्दल बोलायला लागलो की बायको कुकर लावायला उठते. तरीही ही गोष्ट सांगायचीच आहे, कारण हिच्यात शहाणा मी नाही.

सत्तरच्या दशकात, पंचविशीत, सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात कारकून असताना मला क्षय झाला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नव्या औषधाची चाचणी चालू आहे, भाग घ्याल का?" जुना उपचार दीड वर्षाचा, नव्याने त्याहून लवकर बरं होता येतं का, ते बघायचं होतं. कोणाला कोणता उपचार, हे बंद पाकीट ठरवणार. मी पुढच्या पिढ्यांसाठी म्हणून मोठ्या थाटात सही केली. मनात मात्र नवं औषध आपल्यालाच मिळणार, ही खात्री. पाकिटातून निघाला जुनाच उपचार, सुया आणि पांढऱ्या गोळ्या.

माझ्यामागे रांगेत एक टांगेवाले चाचा होते. त्यांच्या पाकिटात नवी लाल कॅप्सूल निघाली. रोज सकाळी नर्ससमोर औषध गिळायचं आणि मग लिंबाखाली बसून एक भाकरी दोघांत मोडून शेंगाचटणीशी खायची, असा आमचा क्रम पडला. रविवारचं औषध तेवढं शनिवारी घरी न्यायला मिळे.

एका शनिवारी माझं वजन पुन्हा उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांचा टांगा दारात. खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. कॅप्सूल उघडून आतल्या पावडरीचे दोन वाटे केले होते.

"भाकरी वाटून खातो की, मग हे का न्हाय? घे."

"चाचा, ते तुमचं औषध आहे."

"तुझं अजून लगीन व्हायचंय. माझी तर घोडी बी म्हातारी झाली."

मी बी.कॉम. झालेला माणूस. नको म्हणालो, पण एकदाच. असे चार रविवार गेले.

मग एका सोमवारी नर्सने अचानक तपासणीला घेतलेली माझ्या लघवीची बाटली उजेडात धरली. केशरी रंग. तो फक्त लाल औषधाने येतो. मला वाटलं, आता चाचांचं औषध बंद करतील, आणि त्यांच्या घरी तीन मुली.

"बीट खाल्लं होतं," मी म्हणालो.

"बीट न्हाय बाई," चाचा मागून पुढे आले. "मी दिलं. अर्धं. त्याला काढू नका, काढायचं तर मला काढा."

नर्सने आम्हाला डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. दोघंही गेला असतात." थोडं थांबून, "औषध कोणाचंच बंद होणार नाही. पण झालं ते कागदावर जसंच्या तसं लिहावं लागेल."

"आमचं चुकलं ते बी?"

"ते आधी. आणि रविवारचं औषध तुमच्या हातात दिलं, ते आमचं चुकलं. तेही."

चाचांनी मान डोलावली. "लिवा मग. पुढच्यांचं तरी असं होऊ नये."

डॉक्टरीणबाई स्वच्छ अक्षरात लिहीत राहिल्या. पुढच्या पिढ्यांसाठी सही मी केली होती. बोलले मात्र चाचा. त्या टेबलापाशी मला एकाएकी फार लहान वाटलं, आणि वाईट मुळीच वाटलं नाही. एवढी मोठी माणसं इतक्या जवळून मी आधी पाहिली नव्हती.

त्यानंतर रविवारीही इस्पितळात यावं लागे. चाचा कॅप्सूल गिळत, वर पाणी पीत आणि नर्सच्या आधी माझ्यापुढे तोंड उघडत.

"बघ कारकून, पुरी गेली. काढ आता भाकरी."