कापूस आमच्या घरचा

कापूस मीच आणला होता, केदारखेड्याहून, एसटीत मांडीवर पिशवी घेऊन. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी आम्हा दोघींचा मिळून एक प्रकल्प होता: जिलेटिनच्या पातळ, प्लॅस्टिकच्या कागदासारख्या फिल्मला कापसाच्या तंतूंनी बळकटी द्यायची. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. साधं जिलेटिन माझ्या वाट्याला आलं, तंतूवालं माझ्या जाफराबादच्या मैत्रिणीच्या. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

तिनं माझाच कापूस कॉस्टिक सोड्यात उकळला, धुतला, बारीक केला आणि कोमट जिलेटिनमध्ये घोटला. एखादी तरी गुठळी राहील म्हणून मी शेजारी उभी राहून बघत होते. राहिली नाही. वाळल्यावर तिची फिल्म दुधी, जराशी खरबरीत निघाली. माझी काचेसारखी नितळ. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"तुझी किती मस्त आली गं," ती म्हणाली. "माझी तर बिलकुल पापडासारखी दिसून राह्यली."

अशी मोकळेपणानं बोलायची, त्यानं मी आणखीच जळायचे.

संभाजीनगरच्या प्रदर्शनात आमच्यातली एकच जण बोलणार होती, आणि ती मीच असावी असं मला फार वाटत होतं. सरांनी दोन्ही फिल्मच्या सारख्या पट्ट्या कापून चिमट्यात टांगल्या, खाली वजनं अडकवली. माझी निम्म्या वजनातच तुटली. तिची लोंबकळत राहिली.

"ही बोलेल," सर म्हणाले. "तू पट्ट्या फाडून दाखव. साधी फाटल्याशिवाय तंतूंची ताकद लोकांना कळणार कशी?"

मग मी आठवडाभर पट्ट्या केल्या, एकही बुडबुडा राहू न देता, फाडण्यासाठी. प्रदर्शनात ती बोलायची, मी फाडायचे. लोक माना डोलवायचे ते तिच्या पट्टीकडे बघून. मी मनात एकच वाक्य घोकत होते: कापूस आमच्या शेतातला आहे. कुणी विचारायचा अवकाश, की सांगून टाकणार होते.

शेवटी एका बाईंनी विचारलंच, "हा कापूस कुठला?"

मी तोंड उघडलं.

"हिच्या घरचा," मैत्रीण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "केदारखेड्याचा. त्याच्याबिगर काहीच झालं नसतं बघा."

बाई माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या. एवढं एकच माझं होतं, तेही तिनंच सांगितलं. मी पुढची पट्टी उचलली आणि फाडली.