दोन बोटं सैल

...तर आमच्या गल्लीतला तो टेलर, आमचा ‘टेप’. गळ्यात कायम मोजपट्टी, म्हणून हे नाव. चोवीस वर्षं पँटी शिवल्या आणि एक दिवस दुकानाला कुलूप लावून गडी फिटनेस ट्रेनर व्हायला निघाला. बायको म्हणाली, “दोन जिने चढले की धाप लागते, आणि हे लोकांना पळवणार.” पण पठ्ठ्याने वर्षभर घाम गाळून ते शिक्षण पुरं केलं.

त्याचं पहिलं गिऱ्हाईक आमचे हेडमास्तर. टेपने दुकान बंद केलं त्याच्या महिनाभर आधी त्यांना हृदयाचा झटका आला होता. रोज सकाळी हा त्यांच्या घरी हजर. मीही सोबतीला जायचो, म्हणजे खुर्चीत बसून मास्तरांच्या उठाबशा मोजायचो.

एकदा मास्तरांची कंबर मोजता मोजता टेप थांबला. खाली बघत म्हणाला, “मास्तर, तुमची पँट इस्त्रीला यायची ना, तेव्हा मी गुपचूप कंबर उसवून दोन बोटं सैल करायचो. दरवर्षी.”

मास्तरांनी पँटच्या कमरेत बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, “आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचो, लग्नातली पँट अजून बसते म्हणून. अरे, बोलला का नाहीस?”

टेप मोजपट्टी बोटाला गुंडाळत राहिला.

“तुम्ही आरशात बघून म्हणायचात, तुझ्या हाताला तोड नाही. पोट मला दिसत होतं, मास्तर. पण ते वाक्य पुढच्या वर्षीही ऐकायचं होतं.”