‘हायर’ म्हणजे भाड्याने

मी वाचायला शिकले ती आमच्या दारावरच्या पत्र्याच्या पाटीवर. ‘मंडप, भांडी व गाद्या भाड्याने मिळतील.’ अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे. पाटी अजून तिथेच आहे, फक्त ‘गाद्या’ पुसट झाल्यात.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, प्रत्येक भांड्यावर, अगदी वाटीवरही, त्यांचं नाव घातलेलं आहे. लग्न उरकलं की टेम्पो भांडी परत आणायचा आणि मी नि माझी धाकटी बहीण ओसरीवर बसून ती पुसायचो. तिला कंटाळा येऊ नये म्हणून मी एक खेळ काढला होता. पळीने पातेल्यावर टिचकी मारायची, कान लावायचा आणि त्या पातेल्याने लग्नात काय पाहिलं ते सांगायचं. “हे रुसलंय. ह्यातला भात करपला आणि नाव आचाऱ्याचं न येता ह्याचं आलं.” बहीण खिदळायची. हळूहळू या खेळातून एक मुलगी तयार झाली. सायकलवरून भांडी पोचवणारी, टिचकी मारून भांड्यांचं बोलणं ऐकणारी. तिला आम्ही एक नाव दिलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते आता माझं नाही.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झाले, तेही कॉलेजच्या मॅडमनी स्वतःची पुस्तकं दिली नसती तर झाले नसते. पुढे पुण्याच्या एका कॉमिक छापणाऱ्या प्रकाशनाकडे मी चार पानं लिहून पाठवली. तिथल्या संपादक सरांनी ती वाचून स्वतः फोन केला आणि घरी बसून करता येईल असं काम दिलं. ते उपकार मी विसरलेले नाही. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्यावं.

काम असं होतं. टीव्हीवर एक कार्टून लागतं, एक छोटा अंतराळवीर आणि त्याचं बोलणारं यान. ते कार्टून एका मोठ्या करमणूक कंपनीचं. तिच्याकडून आमच्या प्रकाशनाने मराठीत कॉमिक काढायचं लायसन्स घेतलं होतं, ठरलेल्या मुदतीसाठी. गोष्टी मी लिहायच्या.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते टेम्पोचं टायर बघत होते. “लायसन? तुमच्या सायबाला कार्टून चालवाया लायसन लागतं व्हय?”

“तसं नाही, अण्णा. कार्टून कंपनीचंच राहतं. आम्ही ते काही दिवस वापरायचं, मुदत संपली की परत.”

“मग आसं म्हन की. भांडी न्हेल्यात भाड्यानं.”

मला ते इतकं पटलं की मी तेच धरून बसले.

कंपनीने एक जाड पुस्तिका पाठवली होती. अंतराळवीराच्या जाकिटाचा निळा रंग कोणत्या नंबरचा, तो हसताना किती दात दिसतात, कोणासमोर रडतो, काय कधीच करत नाही. मी लिहिलेली गोष्ट मंजुरीला जायची, मग कच्ची चित्रं जायची, मग शाईची, मग रंगवलेली. प्रत्येक वेळी लाल शेरे मारून पानं परत यायची. एकदा मी त्याला लग्नाच्या पंगतीत बसवलं. शेरा आला : पात्र जमिनीवर बसून जेवताना दाखवू नये. उभं केलं. शेरा आला : पात्र हाताने जेवत नाही. शेवटी तो सगळ्या लग्नभर रिकामी प्लेट धरून उभा राहिला.

हळूहळू ती पुस्तिका माझ्या डोक्यात राहायला आली. बाजारात एखादी बाई तोंडभर हसली की मी दात मोजायचे. वाक्य सुचायच्या आधीच त्यावरचा शेरा सुचायचा. कामावर माझा राग नव्हता, घर त्यावर चाललं होतं. पण टेबलाशी बसलं की कोणीतरी खोलीचं दार बाहेरून ओढून घेतल्यासारखं वाटायचं.

अशाच एका अंकाला काहीच सुचेना. सलग तीन गोष्टी नामंजूर झाल्या होत्या आणि सर फोनवर म्हणाले, “काहीही करा, पण सोमवारी द्या.” तेव्हा मी आमची मुलगी दिली. यान बंद पडतं, कोणालाच बिघाड कळत नाही, मग ही सायकलवरून येते आणि यानावर पळीने टिचकी मारते.

पानं एकही लाल शेरा न पडता परत आली. वर लिहिलं होतं, “छान.” मी ते बहिणीला दोनदा वाचून दाखवलं. पुढच्या अंकांत मुलगी पुन्हा आली, तेव्हा तिच्यासाठीही कंपनीने पुस्तिकेत एक पान बनवलं. फ्रॉकच्या रंगाचा नंबर ठरला. अनवाणी होती, तिला बूट मिळाले.

मग सरांनी एक करार पाठवला. इंग्रजीत, बारीक अक्षरात. मधे एक ओळ होती : माझं काम ‘वर्क मेड फॉर हायर’ समजलं जाईल. हायर. पाचवीच्या शब्दकोशात अर्थ होता, भाड्याने घेणे. दारावरची पाटी डोळ्यांसमोर आली. म्हणजे माझी मुलगी यांनी भाड्याने नेली आहे, मुदत संपली की टेम्पोतून परत येईल. मी सही केली. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या मुलीने कोणाला विचारलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी प्रकाशनाचं लायसन्स संपलं. कंपनीने ते पुढे वाढवून दिलं नाही. अंक बंद झाला आणि सरांनी मला दुसऱ्या एका कार्टूनवर घेतलं, म्हणजे दुसरी पुस्तिका. मी मनात म्हटलं, आता ती मोकळी झाली. माझी बहीण डोंगरातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. तिने पिच्छा पुरवला, “ताई, आता तिच्या खऱ्या गोष्टी लिही. बुटाबिगर.” मी लिहिल्या. संगमनेरचे एक छोटे प्रकाशक छापायला तयार झाले. केवळ रीत म्हणून मी सरांना कळवलं.

त्यांचा लगेच फोन आला. “तुम्ही करार वाचला होता ना?”

“वाचला होता, सर. हायर म्हणजे…”

“म्हणजे?”

“भाड्याने.”

ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, “अहो, भाड्याने तुम्ही होतात. लिहिलेलं पहिल्या दिवसापासून त्यांचं. आपल्या लायसन्समध्येच आहे, अंकात जे नवीन पात्र येईल ते कंपनीचं.”

“मग ते तिला कार्टूनमध्ये घेणार आहेत का?”

“मी विचारलं होतं. नाही.”

“मग परत देतील?”

“त्यांच्या पात्रांच्या यादीत ती एक ओळ आहे. यादीतलं कोणी काही कमी करत नाही. तुम्ही थोडं बदला की. मुलगा करा. भांड्यांऐवजी घंटा घ्या.”

मी बदललं. मुलगा केला, घंटा घेतल्या. दोन पानांत घंटेत भात शिजायला लागला. मोटारी दुरुस्त करणारी बाई केली, तीही पान्याने टिचकी मारून कान लावू लागली. जे जे मला खरं म्हणून माहीत आहे ते सगळं त्या ओसरीवरचं, आणि ती ओसरी आता त्या यादीतल्या एका ओळीत गेली होती. मी संगमनेरला जाऊन गोष्टींची वही परत आणली. प्रकाशकांनी चहा दिला, कारण विचारलं. मी तब्येतीचं सांगितलं.

अण्णांना मात्र खरं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “द्यायच्या आधी तिच्यावं नाव घातलं हुतं का तुझं?”

“नाही.”

“मग आता कसं वळखायचं, कुनाचं हाय ते?” आणि ते गाद्या झटकायला गेले.

परवा सुट्टीत बहीण आली होती. खर्डा गावाकडच्या कुणाचं तरी लग्न इथे झालं, त्याची भांडी आली होती. आम्ही दोघी पूर्वीसारख्या पुसायला बसलो. तिने एक पातेलं माझ्यापुढे सरकवलं, पळीने टिचकी मारली आणि म्हणाली, “सांग ताई, काय म्हणतंय?”

मी कान लावला. सांगायला होतं. पण शब्द तोंडाशी आला आणि तिथेच थांबला, जणू आधी कुठेतरी मंजुरीला जाऊन यायला हवा होता.

बहिणीने पुन्हा टिचकी मारली. “काय गं?”

“काही नाही म्हणत,” मी म्हटलं, आणि पातेलं पालथं घालून अण्णांच्या नावावरून फडकं फिरवलं.