मोर्णेच्या गाळातला धुरा

मुलांनो, तुमच्या रंगूनच्या नदीला दिवसातून दोनदा भरती येते आणि गाळातली झाडं रोज बुडतात, असं तुम्ही कळवलंत. आमच्या अकोल्याच्या मोर्णेला भरती वर्षातून एकदाच, पावसाळ्यात. पाणी ओसरलं की काठाचा काळा गाळ उघडा पडे. त्यावर आधी शेवाळ सुके, मग लव्हाळा फुटे, आणि पाण्यालगत पुरुषभर उंचीचं पाणकणीस. इंग्रज त्याला मांजराची शेपटी म्हणतात, हे मला फार पुढे शाळेत कळलं.

माझी आत्या, वडिलांची विधवा बहीण, त्या गाळात काकड्या-डांगरांची वाडी लावून पोट भरायची. भावाच्या घरी राहायचं, पण भाकरीसाठी भावजयीपुढे हात पसरायचा नाही, एवढीच तिची जिद्द. गाळात हद्दीचा दगड टिकत नाही, म्हणून प्रत्येकाचा धुरा, म्हणजे वाडीचा बांध, पाणकणसाच्या ओळीनं आखलेला असे. पुरात ओळ आडवी होई, पण मुळं धरून राहत. पाणी उतरलं की कोंब फुटून हद्द पुन्हा दिसे.

मग अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी ज्वारी सोडून कापूसच पेरला. कापसाच्या गाड्या नदीच्या उतारापाशी खोळंबू लागल्या आणि बैलांना कडबा मिळेना. एका सकाळी मी आत्याबरोबर वाडीत गेले, तर बैल तिच्या धुऱ्यात पाणकणीस खात होते.

"हाकल रे तुहे बैल!" आत्या ओरडली.

"काहून वं माय? गवतच त हाय," गाडीवान म्हणाला.

"गवत नाही मुडद्या, धुरा हाय माहा!"

"मंग कडबा दे. समद्याइनं कापूस पेरला, बैलाइले का रुई चारू?"

बाकीचे गाडीवान हसले. आत्यानं काठी उगारली, पण एका काठीनं किती बैल हाकणार? हंगामभर असंच चाललं. खुरांखाली मुळंसुद्धा तुडवली गेली.

पुढच्या हिवाळ्यात गाळ उघडा पडला तो नुसता सपाट. शेजारचा वाडीवाला तिच्या जागेत आळी खणत होता. आत्या पंचांकडे गेली.

"धुऱ्याचा एक कोंब दाखव बाई, आन् घे तुही जागा," ते म्हणाले.

दिवसभर ती चिखलात वाकून बोटांनी मुळं चाचपत राहिली. हाती आले ते कुजके धागे.

संध्याकाळी आईनं जेवायला हाक मारली. आत्या पाय धुऊन दाराशीच बसली आणि आईनं वाढलेली भाकरी खाल्ली. आणखी अर्धी भाकरी वाढू का, असं आईनं विचारलं. ती नको म्हणाली. पुढेही ती रोज नकोच म्हणायची.