सुदाम बेंजोवाल्याची सोमवारची नोकरी

माझ्या माणसाचं नाव सुदाम. नाव घेते, घ्यायला काय झालं, सासू आता ऐकायला नाय. तोंडावर त्याला 'तुमी' बोलते नि पाठीमागं 'तो'. खर्डी स्टेशनवरनं रिक्षा, मग थोडी पायवाट, तिथं आमचा पाडा. सव्वीस वर्षं ह्या माणसाशी भांडतेय, म्हणून छाती ठोकून सांगते: आजूबाजूच्या गावांत ह्याच्यासारखा बेंजो वाजवणारा नाय. नि ह्याच्यासारखा हट्टी पण नाय.

ज्यांनी हळदीला बेंजो बघितला नाय त्यांना सांगते. लांबडी पेटी, वर तारा, नि टायपिंगच्या मशीनला असतात तशी बटणं. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तारा छेडायच्या, वायर भोंग्याला जोडायची. सुदाम हे शिकला वीटभट्टीवर. सगळं घर भट्टीवर कामाला जायचं, तिथं मामाजवळ तीन बटणं तुटलेला बेंजो होता. दिवसभर माती मळायची नि अंधार पडला की त्या तुटक्या बेंजोवर बसायचा. तुटलेल्या बटणांच्या जागी तार बोटानं दाबायचा. अजून त्याचं ते बोट वाकडं आहे.

मी त्याला पहिल्यांदा बघितलं माझ्या चुलतबहिणीच्या हळदीत. मी नाचत होते, पायात काटा गेला, मी लंगडले. ह्या बाबानं बघितलं नि वाजवता वाजवता चाल हळू केली. बाकीचे ओरडायला लागले, "काय रे, झोपलास काय?" तरी मी काटा काढेपर्यंत हळूच वाजवत राहिला. माझं लग्न तिथंच ठरलं. आईबापाला नंतर कळलं.

नि हाच माणूस गेल्या दिवाळीच्या आधी बेंजो चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकून मोकळा झाला.

कारण काय, तर डीजे. हळदीला आता टेम्पोभर बॉक्स येतात, एक जण बटण दाबतो नि मोबाइल बघत बसतो. सुदामच्या बेंजो पार्टीला सालाला पाच-सहा हळदी राहिल्या. तेवढ्यात वाशिंदच्या एका गोडाऊनचा ठेकेदार बोलला, वॉचमन पाहिजे, रातपाळी, सोमवारी हजर व्हायचं. सुदाम हो बोलून आला. आता हळद असते संध्याकाळची. रातपाळी धरली म्हणजे बेंजो गेला कायमचा, हे काय सांगायला पाहिजे? ढोलकीवाला मंगळू तीनदा घरी आला. "तुळशीचं लग्न झालं की हळदीच्या दोन सुपाऱ्या आहेत रे. तुझ्याबिगर पार्टी कशी उभी करू?" सुदाम मानेनंच नाय बोलायचा.

मंगळूला दुःख पार्टीचं. माझं दुःख वेगळं. बेंजो माळ्यावर गेला तसा हा माणूस मुका झाला. भाजीत मीठ घालायला विसरले तरी गपगुमान खाल्ली. शिव्या दे, ताट फेक, काहीतरी कर की! सव्वीस वर्षं भांडायची सवय, मी आता भिंतीशी भांडू?

आमची काजल मुंबईत एका क्लबात साफसफाईवाल्यांवर सुपरवायझर आहे. कल्याणला राहते. तिला फोनवर रडगाणं सांगितलं, तर बोलली, "आई, शनिवारी आमच्याकडं एक बँड आहे. सगळं मशीनच, पण माणसं हातानं वाजवतात. लोकं तिकीट काढून उभी राहून ऐकतात. बाबांना घेऊन ये, मी लिस्टमधे नावं घालते."

मी सुदामला बोलले, "उठा. मुंबईला जायचं."

"कशाला गो?"

"मी सांगते म्हणून."

डब्यात भाकरी नि सुकटाची चटणी बांधली. मुंबईला जाऊन उपाशी कोण राहणार? क्लबाच्या दारात वॉचमनचा ड्रेस घातलेली एक बाई पिशव्या तपासत होती, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठीच असंल. तिनं डबा उघडला मात्र, नि मागच्या चार पोरी नाकाला रुमाल लावून बाजूला झाल्या. मी लाजेनं मेले. पण ती बाई हसली नि बोलली, "मावशी, आत न्यायला परवानगी नाय. माझ्याजवळ ठेवते, जाताना घ्या."

आत काळोख नि दिवे. आवाजानं छातीत धडधड. सुदामनं कानात बोटं घातली. "हा तर डीजेच! ह्याच्यासाठी मला फरफटत आणलंस?" मी पण मनात स्वतःलाच बोलले, जाने, फसलीस तू.

वर स्टेजवर एक बाई बटणांच्या पेट्यांसमोर उभी, बाजूला एक गडी रबराच्या चकत्यांवर काठ्या मारत होता. अर्धा तास सुदाम भिंतीला टेकून उभा. मग एकदम त्यानं माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली.

"चुकली! जाने, चुकली ती!"

"कोण?"

"ती बाई! बोट घसरलं तिचं! आता बघ, आता बघ..."

बाईनं त्या गड्याकडं बघितलं. फिरून ती जागा आली तेव्हा तिनं मुद्दाम तोच चुकीचा सूर लावला, नि गड्यानं त्याच्यावर काठी हाणली. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून. पोरं नाचतच ओरडली, त्यांना वाटलं नवीन चाल आली. सुदाम वेड्यासारखा हसत सुटला. कित्येक दिवसांनी त्याचे दात बघितले मी.

"आमी पण हेच करतो गो! एकदा वाजली ती चूक, तीनदा वाजली ती चाल. मशीन कधी चुकत नाय. चुकलं तर सावरत नाय. हे माणूस आहे, माणूस!"

मग शेवटपर्यंत त्याची बोटं माझ्या मनगटावर बटणं दाबत होती. मला रडू आलं. काळोख होता म्हणून बरं.

तो काजलबरोबर पुढं गेला नि मी दाराशी डबा घ्यायला थांबले. त्या बाईला विचारलं, "ताई, हे काम किती तासाचं? पगार वेळेवर देतात का? शिक्षण किती लागतं?" तिनं सगळं नीट सांगितलं. मी तिला अर्धी भाकरी दिली.

कल्याणला काजलच्या घरी जाईपर्यंत सुदाम बडबडत होता. घरात बसल्यावर मात्र बोलला, "मजा आली, जाने. पण सोमवारी जावंच लागंल. ऐकून पोट भरतं काय?"

खोटं नव्हता बोलत. रेशनच्या दुकानात पैशाऐवजी काय सूर मोजून देणार?

रविवारी घरी आल्यावर त्यानं बेंजो खाली काढला, तारा पुसल्या, एकदा पण न वाजवता परत गुंडाळला. नि सोमवारसाठी शर्ट खुंटीला लावला. ते बघून माझं डोकं फिरलं. ठरवलं, आता नाय ऐकायचं कुणाचं.

सोमवारी पहाटे मी लुगडं बदललं. तो उठून बसला. "कुठं चाललीस?"

"तुमच्या कामावर."

ठेकेदार गोडाऊनच्या गेटवर चहा पीत होता, पॅकिंगच्या बाया आत शिरत होत्या. मी सरळ बोलले, "सुदाम येणार नाय. मी आले."

"बाई? गेटवर? येडी झालीस काय?"

"तुमच्याकडं साठ बाया पॅकिंगला येतात. सुटताना त्यांच्या पिशव्या कोण तपासतो?"

"दिवसपाळीचा वॉचमन. का?"

"बापया माणूस बायांच्या पिशव्यांत हात घालतो? नि बाया ऐकून घेतात?"

त्यानं कप खाली ठेवला. भांडणं होत असणार, तोंडावरनं कळलं. मग बोलला, "दिवसपाळी. आठ ते आठ. खाडा चालणार नाय. दिवसाच्या वॉचमनला रातीला टाकतो मी."

"चालंल."

त्यानं कागद ओढला. नाव विचारलं, गाव विचारलं. मग बोलला, "नवरा काय करतो?"

"बेंजो वाजवतो."

"अगो, ते नाय. कामधंदा काय?"

"तेच काम. तेच लिहा, नायतर मी सही करत नाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, नि लिहिलं. मला वाचायला वेळ लागतो. एकेका अक्षरावर बोट ठेवून सगळं वाचलं, मग सही केली.