द्राक्षबागेतली ग्रामसभा

सुरगाण्याकडच्या त्या दरीत एक छोटा साठवण तलाव बसतो, हे कळायला इंजिनिअर असायची गरज नव्हती. पावसाळ्यात तिथं उभं राहवत नाही इतकं पाणी कोसळतं, ते सगळं वाहून गुजरातेत जातं, आणि होळीनंतर गावाला प्यायला टँकर. जलसंधारण खात्यातर्फे मी आराखडा केला, अगदी खुशीत केला. पुढची वर्षं गेली ती मान्यतेच्या मागे. आता निवृत्तीला टेकलोय आणि खरं सांगतो, दमलोय. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत टाकी वाहायला लागली की माझा आवाज चढतो. बायको म्हणते, "घरात तरी ऑफिस आणू नका."

गावची सरपंच तिशीतली बाई होती. सगळ्यांनाच अरेतुरे करायची, कलेक्टरलाही. तिकडची बोलीच तशी. पहिल्याच भेटीत तिनं सांगून टाकलं, "साहेब, पाणी राहिलं तर उन्हाळ्यात गावातच काहीतरी पिकवू. मग माझी पोरगी बुकं टाकून माझ्यामागं यायची नाय. मला बाकी काय नको." भात कापून झाला की ते अख्खं गाव द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीत उतरतं, पोरांसकट. पोरीची शाळा दिवाळीला सुटायची ती थेट पावसाळ्यात भरायची.

तलावात थोडी वनजमीन जात होती. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा आणि सभेला निम्मं गाव हजर हवं. झालं, तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. दिवाळीनंतर सभा लावावी तर गाव थेट पावसाळ्यापर्यंत दिंडोरीत. पावसाळ्यात लावावी तर सगळे भाताच्या आवणीला, रोपं लावत चिखलात. पाणी नाही म्हणून माणसं गावात नाहीत आणि माणसं गावात नाहीत म्हणून पाण्याला परवानगी नाही! हे मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे तुमचा. कोरमचं तेवढं बघा." काय बघू, डोंबल?

शेवटी सरपंचबाईनंच डोकं चालवलं. "गाव तिथं हाय तर सभा तिथंच घेऊ. गाव म्हंजे माणसंच ना?" मला पटलं. ग्रामसेवक कुरकुरला, पण आला. एका बागायतदारानं आपलं शेड उघडून दिलं. जेवणाच्या सुट्टीत सगळं गाव तिथं येऊन बसलं, द्राक्षाचे घड विरळायच्या कात्र्या मांडीवर ठेवून. हात वर झाले, सह्या झाल्या, अंगठे झाले. एवढी भरलेली ग्रामसभा मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. परत येताना गाडीत मी चक्क गुणगुणत होतो.

फाईल परत आली. शेरा असा: सभा गावाच्या हद्दीत झालेली नाही, पुनश्च सादर करावे.

मी भांडलो, टेबलावर हात आपटला, उपयोग शून्य. बाईनं मात्र सगळ्यांचा रोज बुडवून माणसं पिकअपमध्ये कोंबली आणि गावी नेली. तोच ठराव, तेच अंगठे. तो मार्गी लागेपर्यंत कामाच्या दरांची सरकारी दरसूची बदलली, म्हणून अंदाजपत्रक नव्यानं. ते केलं तर पाणी उपलब्धतेच्या दाखल्याची मुदत संपलेली. नवा साहेब आला की म्हणायचा, "जरा पहिल्यापासून समजावून सांगा." सांगितलं, प्रत्येकाला सांगितलं. त्यातला कोणीही वाईट नव्हता हो, हाच तर वैताग. एखादा हरामखोर भेटला असता तर निदान शिव्या घालून मोकळा झालो असतो.

यंदा प्रशासकीय मान्यता आली. मी आधी तिलाच फोन लावला. "झालं बरं का ताई, एकदाचं झालं!"

तिच्या मागं फवारणीच्या ट्रॅक्टरची घरघर चालू होती.

"बरं झालं, साहेब. पण मी आता सरपंच नाय. आम्ही दिंडोरीलाच ऱ्हातो, कायमचं. पोरीचं नाव इथल्या शाळंत घातलं. तिला कुठवर थांबवून ठेवू?"

मला रडायलाच आलं. तिचं काय चुकलं होतं? काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग गावात कोण आहे आता?"

"म्हातारी माणसं. माझी सासू हाय. तिचे गुडघे गेलेत, तरी हंडा घेऊन झऱ्यावर उतरते. तू लवकर बांध ना तळं."